गेम इंजिनमध्ये खराखुरा पतंग: आधी दोरा, शेवटी कागद

गेम इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर संगणकीय खेळ बांधतात त्यात, पतंग करायचा म्हटले की पहिला हात कापडाच्या तयार कंपोनंटकडे, म्हणजे आयत्या घटकाकडे, जातो. बिंदू आणि त्रिकोणांची चौकोनी जाळी घ्यावी, तिला कापडाचे गुणधर्म द्यावेत, वारा सुरू करावा आणि मधोमध दोरा बांधावा, असा सरळ विचार त्यामागे असतो. माझीही पहिली मांडणी हीच होती. पडद्यावर जे दिसले ते दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे फडफडत राहिले. वर मात्र चढले नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एखाद्या गच्चीवर ज्याने लहानपणी पतंग चढवला आहे, त्याच्या हाताला हा फरक चटकन कळतो. पतंग फडफडतो तो कण्णी (पतंगाला दोऱ्याशी जोडणारी बांधणी) चुकली असताना किंवा दोरा सैल पडला असताना; नीट चढलेला पतंग ताणलेला असतो, जवळजवळ स्थिर असतो आणि बोटाला सतत ओढत असतो.

म्हणून या लेखात जी पद्धत मांडली आहे तिचा आधार एकच आहे: पतंगाचे अनुकरण हे मुळात कापडाचे अनुकरण नव्हे. दोरा, कण्णी, कामट्या आणि कागद या चारही गोष्टी एकाच गणितात, एकाच वेळी सोडवाव्या लागतात, आणि त्यांत कागदाचा क्रमांक शेवटचा लागतो.

तयार कंपोनंट का पुरत नाही, हे आधी पाहू. युनिटी या इंजिनातील क्लॉथ कंपोनंट वाऱ्याला एक सरसकट त्वरण मानतो आणि जाळीचा प्रत्येक बिंदू त्या एकाच दिशेने ढकलतो. पृष्ठभाग वाऱ्याकडे कोणत्या कोनात वळला आहे याचा त्याच्या हिशेबात समावेश नसतो. पतंगाला वर उचलणारे बल तर त्या कोनातूनच निर्माण होते. शिवाय ते कापड दृश्यातील इतर वस्तूंवर उलट बल टाकत नाही, त्यामुळे दोऱ्याला ओढ बसत नाही आणि दोऱ्याची ओढ पतंगापर्यंत पोहोचत नाही. अनरियल या दुसऱ्या इंजिनाच्या केऑस क्लॉथमध्ये अवरोध आणि उचल यांचे गुणक दिलेले असल्यामुळे झेंडा किंवा साडीचा पदर तेथे चांगला दिसतो, परंतु पन्नास मीटर दोरा आणि लवचीक कमान त्याच गणितात ओवणे तेथेही सोपे नाही. त्यापेक्षा स्वतःचा छोटा सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा प्रोग्राम, लिहावा. मी गोडो हे इंजिन वापरतो, पण पुढील मांडणी कोणत्याही इंजिनात तशीच्या तशी बसते, कारण इंजिनाकडून आपल्याला फक्त दोन गोष्टी हव्या आहेत: ठरावीक अंतराने येणारा भौतिकीचा टप्पा आणि दर फ्रेमला बदलता येणारी जाळी.

पतंग आधी तोलावा

आकडे मनाने घातले की पुढची सगळी खटपट त्या आकड्यांशी झगडण्यात जाते. म्हणून मी खरा पतंग घेतला आणि गुजरीतील एका सराफाच्या काट्यावर तोलून घेतला. उभी कामटी ५० सेंटिमीटर, आडवी रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर. आणि वजन कामट्यांसह जेमतेम १० ग्रॅम. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते ते सुमारे ०.१ न्यूटन बलाने.

आता वारा. समुद्रसपाटीला हवेची प्रमाणित घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम धरतात, पण कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि पतंगाच्या दिवसांत दुपारी हवा उबदार असते, त्यामुळे येथे ती १.१ च्या आसपास येते. पतंगाच्या उंचीवर सेकंदाला ४ मीटरचा मध्यम वारा धरला, तर वाऱ्याचा दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, अर्थात चौरस मीटरला ८.८ न्यूटन. एवढ्या दाबाने आपल्या पतंगावर पडणारे बल सव्वा न्यूटनच्या घरात जाऊ शकते. म्हणजे पतंगाच्या वजनाच्या दहापट ते बारापट! हे गुणोत्तर लक्षात ठेवावे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्यातून येतात.

त्यातील पहिली अडचण वेळेच्या टप्प्याची. पतंगाचा कागद चौरस मीटरला २५ ग्रॅम धरला, तर ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्या कागदाचा एखादा तुकडा वाऱ्याचा वेग पकडायला सुमारे ०.००६ सेकंद घेतो. युनिटीचा भौतिकीचा टप्पा मुळात ०.०२ सेकंदांचा असतो आणि गोडोचा एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे ०.०१७ सेकंदांचा. टप्पा त्या प्रतिसादकाळाच्या दुपटीहून मोठा असला, की साध्या पद्धतीने काढलेले वाऱ्याचे बल प्रत्येक टप्प्यात गरजेपेक्षा जास्त धक्का देते, पुढच्या टप्प्यात त्याहून मोठा उलट धक्का देते, आणि पतंग क्षणात फाटून पडद्याबाहेर जातो. अनेकजण यावर वारा कमी करतात किंवा कागद जड करतात. त्याने स्फोट थांबतो, पण पतंगाचा पतंगपणाही जातो. योग्य उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याचे वीस उपटप्पे करावेत. गोडोमध्ये मग एक उपटप्पा १/१२०० सेकंदाचा होतो आणि वरील काळाच्या तो बराच आत राहतो.

दुसरी गोष्ट सहसा सुटते, आणि माझ्या मते पतंग खरा वाटण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. सपाट वस्तू हवेत पुढेमागे हलते तेव्हा ती एकटी हलत नाही. तिच्या दोन्ही बाजूंची हवाही तिच्याबरोबर ढकलली जाते. वर्तुळाकार चकतीसाठी या सोबतच्या हवेचे वस्तुमान आठ तृतीयांश गुणिले घनता गुणिले त्रिज्येचा घन इतके येते. आपल्या पतंगाएवढ्या क्षेत्रफळाच्या चकतीची त्रिज्या सुमारे २२ सेंटिमीटर, म्हणजे ही हवा भरते ३० ग्रॅम. दहा ग्रॅमचा पतंग हवेत तीस ग्रॅम हवा घेऊन वावरतो! ही हवा हिशेबात नसेल तर पतंग माशीसारखा थरथरतो. असेल तर त्याच्या हालचालीला तो ओळखीचा, किंचित सावकाश झोल येतो. कागदाच्या प्रत्येक कणाच्या जडत्वात त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम या हिशेबाने, हे वस्तुमान मिळवावे. गुरुत्वाकर्षणाचे बल मात्र खऱ्या दहा ग्रॅमवरच काढावे, कारण हवेचे वजन हवाच पेलते. काटेकोरपणे पाहता ही वाढ केवळ कागदाच्या लंब दिशेत व्हायला हवी. सर्व दिशांत दिली तर गोता थोडा मंद वाटतो. तसे वाटल्यास वाढीव वस्तुमान दोन तृतीयांशावर आणावे.

सॉल्व्हरचा सांगाडा

कण आणि त्यांच्यामधील बंधने (दोन कणांत किती अंतर असावे याचे नियम), एवढ्यावर हा सॉल्व्हर उभा आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये रेणूंच्या हालचालीसाठी वापरलेली पद्धत, तिच्यावर पुढे २००६ मध्ये मांडली गेलेली स्थानाधारित पद्धत आणि २०१६ मध्ये तिला मिळालेली लवचिकतेची जोड, असा हा वारसा आहे. प्रत्येक उपटप्प्यात चार कामे होतात. प्रथम बलांवरून प्रत्येक कणाचा वेग आणि त्यावरून नवे स्थान काढावे. मग प्रत्येक बंधनासाठी दोन कणांमधील अंतर मोजून मूळ लांबीशी असलेला फरक काढावा. तो फरक दोन्ही कणांच्या व्यस्त वस्तुमानांच्या (एक भागिले वस्तुमान) बेरजेने भागावा, आणि भागताना छेदात आणखी एक संख्या मिळवावी: बंधनाची लवचिकता भागिले उपटप्प्याच्या कालावधीचा वर्ग. येणाऱ्या उत्तराने कण सरकवावेत. हलका कण जास्त, जड कण कमी. शेवटी नव्या आणि जुन्या स्थानांतील फरकाला कालावधीने भागून वेग पुन्हा मोजावा.

लवचिकता शून्य ठेवली की बंधन ताठ होते, वाढवली की मऊ होते, आणि टप्पा लहानमोठा केला तरी तो मऊपणा तसाच राहतो. हा गुण आपल्याला पुढे कमानीसाठी फार उपयोगी आहे. एका मोठ्या टप्प्यात बंधने वीस वेळा सोडवण्यापेक्षा वीस उपटप्प्यांत प्रत्येकी एकदाच सोडवलेली चांगली. खर्च जवळपास तेवढाच येतो आणि ताठपणा पुष्कळ अधिक मिळतो.

दोरा

दोऱ्यापासून सुरुवात करावी, कारण दोरा चुकला तर त्याला बांधलेले काहीच बरोबर येत नाही. पन्नास मीटर दोऱ्यासाठी एकेक मीटरवर एक असे पन्नास कण पुरतात. साधा सुती दोरा मीटरला ०.१ ग्रॅम आणि जाडी ०.४ मिलिमीटर असा मी धरला आहे. दोऱ्याचे बंधन एकतर्फी असावे: अंतर मूळ लांबीपेक्षा जास्त झाले तरच ते लागू होईल, कमी झाले तर काहीच करणार नाही. दोरा ओढता येतो, ढकलता येत नाही.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पन्नास मीटर दोऱ्याचे वजन ०.०५ न्यूटन, म्हणजे पतंगाच्या निम्मे. पण त्याच दोऱ्यावर, तो वाऱ्याला आडवा असेल तर, पडणारा वाऱ्याचा अवरोध ०.१९ न्यूटन येतो, म्हणजे पतंगाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. दोऱ्याला जो पोटाकडे झोल दिसतो तो प्रामुख्याने वाऱ्याने आणलेला असतो, वजनाने नव्हे. त्यामुळे प्रत्येक दुव्यावर वाऱ्याचा दोऱ्याला लंब असलेला भाग काढून त्यावरून बल लावणे टाळता येणार नाही, दंडगोलासाठी १.१ हा गुणक ठीक बसतो. पतंग वाऱ्याशी २० अंशांचा कोन करून उभा असेल, तर पतंगाजवळ दोऱ्याचा चढ सुमारे ६८ अंश येतो आणि हाताजवळ तो ५८ अंशांपर्यंत उतरतो. हे दहा अंश पडद्यावर दिसले की दोरा बरोबर झाला असे समजावे. जे दोरा म्हणून सरळ रेघ काढतात त्यांच्या गेममध्ये काहीतरी खोटे आहे हे खेळणाऱ्याला जाणवते, नेमके काय ते त्याला सांगता येत नसले तरी.

एक तांत्रिक काळजी. साखळीतील प्रत्येक कण ०.१ ग्रॅम आणि टोकाला हवेसह ४० ग्रॅम, अशी विषम जोडी या पद्धतीला मानवत नाही. दोरा रबरासारखा ताणला जातो. उपाय सोपा आहे. साखळीखेरीज आणखी एक एकतर्फी बंधन थेट हातापासून कण्णीच्या गाठीपर्यंत घालावे: गाठ हातापासून सोडलेल्या दोऱ्याच्या एकूण लांबीपेक्षा दूर जाणार नाही. हाताच्या कणाचे व्यस्त वस्तुमान शून्य ठेवावे, म्हणजे तो हलत नाही. याच बंधनातून हाताला बसणारी ओढही न्यूटनमध्ये मिळते. तिच्यावरून गेमपॅडचे कंपन किंवा चक्रीचा आवाज चालवता येतो.

दोऱ्याची लवचिकता जवळपास शून्य ठेवावी. नायलॉनचा मांजा ताणतो, सुती दोरा फारसा ताणत नाही, आणि आपण सुती दोराच दाखवावा असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे त्या मांजाने कापले गेले आहेत. मुले जो खेळ पडद्यावर शिकतील त्यात तो मांजा असू नये.

कामट्या आणि कमान

पतंगाची जाळी ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने करावी, कारण उभी कामटी आणि कमान ज्या रेषांवरून जातात त्या रेषांवर जाळीचे बिंदू असलेच पाहिजेत. सुमारे १२० बिंदू आणि २०० त्रिकोण पुरेसे आहेत. आपल्याकडचा पतंग पाहिला तर उभी कामटी शेंड्यापासून खालच्या टोकापर्यंत सरळ जाते, आणि आडवी कमान दोन्ही बाजूंच्या टोकांपासून वर वळून उभ्या कामटीला वरच्या भागात ओलांडते. साठ सेंटिमीटर अंतरात सहासष्ट सेंटिमीटरची काडी वाकवून बसवलेली असते, म्हणजे ती सतत सरळ होऊ पाहते आणि कडेचा दोरा तिला धरून ठेवतो. कागदाचा सगळा ताण येथून येतो.

हे दाखवण्यासाठी कमानीवरील प्रत्येक सलग तीन बिंदूंमध्ये, एक सोडून एक अशा दोन कणांमध्ये, वाकण्याचे बंधन घालावे आणि त्याची मूळ लांबी काडी सरळ असताना जेवढी असेल तेवढी लिहावी, वाकलेल्या जाळीवरून मोजू नये. कडेच्या बिंदूंना आपसांत ताठ एकतर्फी बंधनाने जोडावे. तो झाला कडेचा दोरा. अनुकरण सुरू होताच कमान सुटू पाहते, कडेचा दोरा ताणतो आणि जाळी क्षणभर थरथरून तंग होते. उभ्या कामटीची लवचिकता फार कमी ठेवावी.

कमानीच्या वाकण्याची लवचिकता हा संपूर्ण मांडणीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो डोळ्यांनी ठरवू नये. खरा पतंग मधोमध धरून त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पाच-पाच रुपयांची नाणी चिकटवावीत, टोके किती झुकतात ते मोजावे, आणि पडद्यावरील पतंगाला तेवढेच वजन लावून तेवढाच झोक येईपर्यंत आकडा बदलत राहावा. रंकाळ्याच्या काठावर घेतलेल्या चित्रणात माझ्या पतंगाची टोके मध्यम वाऱ्यात तीन ते चार सेंटिमीटर मागे झुकलेली दिसली. अनुकरणातही तेवढीच झुकली तेव्हा मी तो आकडा कायम केला.

इतका आग्रह का, तर बिनशेपटीच्या पतंगाचे सगळे वागणे या झुकण्यात आहे. दोरा खेचला की पतंगाला लागणारा वारा वाढतो, कमान मागे झुकते, पतंगाचा आकार होडीच्या तळासारखा होतो आणि तो ज्या दिशेला शेंडा असेल त्या दिशेला सरळ धावतो. दोरा सैल सोडला की कमान उलगडते, पतंग सपाट होतो, सपाट पतंगाला दिशा धरता येत नाही आणि तो जागच्या जागी फिरू लागतो. काटाकाटी करणारा याच दोन गोष्टींवर खेळतो: फिरू द्यायचा, आणि शेंडा हव्या त्या बाजूला आला की खेचायचे. पतंग एक ताठ वस्तू मानून केला तर हे वागणे वेगळे लिहावे लागते आणि ते लिहिलेलेच वाटते. कमान लवचीक असली तर ते आपोआप घडते. अगदी सममित पतंग मात्र सैल पडल्यावरही फिरत नाही, म्हणून कमानीच्या एका बाजूची लवचिकता दोन टक्क्यांनी जास्त ठेवावी. हाताने तासलेल्या बांबूत एवढा फरक असतोच.

कण्णी

कण्णीला दोन पाय असतात: वरचा कामटी आणि कमान यांच्या छेदाजवळ, खालचा उभ्या कामटीवर खालच्या बाजूला. दोन्ही पाय गाठीच्या एका कणाला एकतर्फी बंधनांनी जोडावेत. बाकी काही नको. गाठ शेंड्याकडे सरकली, म्हणजे वरचा पाय आखूड झाला, तर पतंग वाऱ्याशी लहान कोन करतो आणि ओढ कमी होते. सोसाट्याच्या वाऱ्यात हे बरे पडते. गाठ खाली सरकली तर कोन वाढतो, ओढ वाढते, आणि मर्यादेपलीकडे गेल्यावर पतंग उभाच राहतो, चढत नाही. पाच मिलिमीटरचा फरकही पुष्कळ होतो. खेळणाऱ्याला कण्णी स्वतः बांधू देणे हा गेमचा एक भाग करता येईल. मला तो सर्वांत आवडता भाग वाटतो.

वारा प्रत्येक त्रिकोणावर

प्रत्येक त्रिकोणासाठी वाऱ्याच्या वेगातून त्रिकोणाचा स्वतःचा वेग वजा करून सापेक्ष वारा काढावा. बल त्रिकोणाच्या लंब दिशेत लावावे आणि तीन कोपऱ्यांना सारखे वाटावे. बलाचे परिमाण म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले सापेक्ष वेगाचा वर्ग गुणिले एक गुणक. हा गुणक कोनाच्या साइनच्या अडीचपट घ्यावा आणि १.२ च्या वर जाऊ देऊ नये. पुष्कळ ठिकाणी वेगाच्या केवळ लंब भागाचा वर्ग घेतलेला आढळतो. न्यूटनच्या विचारातून आलेला तो जुना नियम आहे, आणि लहान कोनांत तो उचल फारच कमी देतो. वीस अंशांवर तर आपल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. पतंग त्या नियमाने जेमतेम चढतो.

एवढे केल्यावरही माझा पतंग एका कोनावर स्थिरावत नव्हता, शेंडा वरखाली डोलत राहायचा. कारण शोधायला वेळ लागला. प्रत्येक त्रिकोणाला सारखाच दाब दिला की एकूण बल नेहमी पतंगाच्या मध्यबिंदूतून जाते. खऱ्या सपाट पृष्ठभागावर तसे होत नाही: कोन लहान असताना दाब पुढच्या धारेकडे एकवटतो, आणि कोन वाढत नव्वद अंशांकडे गेला की दाबाचा मध्य मागे, मध्यबिंदूकडे येतो. हीच सरक पतंगाला कण्णीशी जुळवून त्याचा कोन शोधायला लावते. ती अनुकरणात आणण्यासाठी वाऱ्याच्या दिशेने पाहून प्रत्येक त्रिकोणाचे स्थान शून्य ते एक असे मोजावे, पुढच्या धारेला शून्य आणि मागच्या धारेला एक. मग त्याचे बल एका भाराने गुणावे. हा भार एक अधिक कोनाच्या कोसाइनपट (एक वजा स्थानाची दुप्पट) असा घ्यावा. लहान कोनात पुढच्या धारेवर जवळपास दुप्पट दाब येतो आणि मागच्या धारेवर जवळपास शून्य. नव्वद अंशांवर सगळीकडे सारखा. शेवटी सर्व भारांची क्षेत्रफळानुसार सरासरी एक येईल असे जुळवून घ्यावे, नाहीतर पतंगाचा आकार आयताकृती नसल्यामुळे एकूण बल बदलते.

वारा स्वतः कसा असावा याबद्दल थोडे. जमिनीजवळ तो मंद असतो आणि उंचीबरोबर वाढतो. उंचीच्या गुणोत्तराचा एक घात घेऊन हे दाखवता येते. तपोवन मैदानासारख्या मोकळ्या जागी घातांक एक सप्तमांश चालतो, पेठांतील घरांच्या दाटीत ०.३ घ्यावा. दाटीत पतंग ४४ मीटरवर असताना तेथे ४ मीटरचा वारा असेल, तर जमिनीपासून दोन मीटरवर तो १.६ मीटर उरतो आणि त्याचा दाब वरच्याच्या सहाव्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणूनच गल्लीतून पतंग चढवताना कोणीतरी लांब जाऊन तो धरतो आणि दुसरा धावत दोरा खेचतो. गेममध्येही तसेच करायला लावावे. झुळका आणण्यासाठी नॉइज, म्हणजे सलग पण अनियमित बदलणारे आकडे, वापरावा, पण तो सगळ्या पतंगाला एकच देऊ नये. जागेनुसार बदलणारा नॉइज सरासरी वाऱ्याच्या वेगाने पुढे सरकवावा आणि प्रत्येक त्रिकोणाने तो आपल्या जागेवर वाचावा. डाव्या आणि उजव्या पंखावर वेगळी झुळूक आली की पतंग स्वतःहून मान वळवतो.

कागद

कागदाबद्दल सांगण्यासारखे कमी आहे. जाळीच्या सर्व कडांना जवळजवळ ताठ बंधने द्यावीत, तिरक्या कडांनाही; कापड तिरके ओढले जाते, कागद नाही. वाकण्याला थोडी लवचिकता आणि थोडे शमन (हालचाल विझवणारा रोध) द्यावे, अन्यथा लहान उपटप्प्यांमुळे बारीक थरथर विझत नाही. जाळी दोन्ही बाजूंनी दिसेल अशी ठेवावी, आणि सूर्य मागे असताना कागद उजळून कामट्यांच्या रेघा काळ्या दिसतील इतपत प्रकाश आरपार जाऊ द्यावा. गोडोच्या मटेरियलमधील बॅकलाइटने हे साधते.

ढील, खेच आणि काटलेला पतंग

ढील देताना हाताजवळच्या पहिल्या दुव्याची मूळ लांबी वाढवावी. ती दीड मीटरच्या पुढे गेली की हातापासून एक मीटरवर नवा कण घालावा, आणि त्याला शेजारच्या कणाचाच वेग द्यावा, नाहीतर दोऱ्याला झटका बसतो. खेचताना उलट: लांबी अर्ध्या मीटरखाली आली की तो कण काढून टाकावा. हात ते गाठ या लांब बंधनाची लांबीही प्रत्येक वेळी बदलावी. हे विसरल्यास ढील देऊनही पतंग जागचा हलत नाही. माणसाचा हात सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त दोरा सहज खेचत नाही, तेवढी मर्यादा ठेवावी.

मांडणी बरोबर झाली की नाही हे पाहण्याची सर्वांत चांगली कसोटी पतंग काटून पाहण्याची आहे. दोऱ्याच्या मधल्या दोन कणांमधील बंधन काढावे आणि हाताचे लांब बंधनही त्याच क्षणी काढावे. ताण जाताच कमान उलगडते, पतंग सपाट होतो, मागे कलतो आणि अर्धा दोरा लोंबवत वाऱ्याबरोबर निघतो. दहा ग्रॅमचा पतंग आडवा होऊन पडतो तेव्हा त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर असतो. ४४ मीटरवरून तो सुमारे पाऊण मिनिटात खाली येतो आणि दरम्यान वारा त्याला एकशे चाळीस मीटरच्या आसपास वाहून नेतो. अनुकरणात तो वीस-बावीस सेकंदांत खाली आला, तर गुरुत्वाकर्षण वाढीव वस्तुमानावर लावले गेले आहे असे समजून तेथे प्रथम पाहावे. मिनिटभर तरंगत राहिला, तर वाऱ्याचे बल कोठेतरी दुप्पट मोजले जात आहे. आणि काटलेल्या पतंगामागे धावणारी मुले गेममध्ये असतील, तर पेठेचा नकाशा पतंग उडवणाऱ्याच्या गच्चीपासून वाऱ्याच्या दिशेने किमान दोनशे मीटर लांब ठेवावा.